माघातली तांबोशी

गरीला मासा माघातच लागतो, हे मला विचारा. मी मुंबईत गिरणीत होतो आणि रजा मिळायची ती गणपतीला. तेव्हा आंजर्ल्याची खाडी गढूळ असते, आणि घरात गणपती असेपर्यंत मासा शिजत नाही.

आमचे वडील, आबा, दरवर्षी म्हणायचे, "माघात ये रे. पाणी गार असतं, तांबोशी हमखास लागते."

"माघात रजा कोण देतो, आबा?"

मग संप लांबला, गिरणी कायमची बंद पडली. त्या माघात मी गावीच होतो. खाडीत गरी टाकायला लागलो आणि तिसऱ्याच दिवशी हातभर तांबोशी लागली. आबांसमोर नेऊन ठेवली.

आबांनी ती हातात तोलून पाहिली. म्हणाले, "तू आपला गणपतीलाच येत होतास, तेच बरं होतं."