दीड नंबरचं मशीन

हॅलो?… कोण, चिमणी? आज आजीची आठवण झाली म्हणायची… हो, हो, मोकळीच आहे. बोल.

रंगाचे डबे… बरं. तुमच्या कारखान्यात दोन मशिनं डबे भरतात. एक जरा हात राखून भरतं, दुसरं सढळ हाताने… आणि कुठला डबा कुठल्या मशीनचा, ते कोणी लिहिलंच नाही. नुसती वजनं आहेत. मग?… मशीनचा नंबर सॉफ्टवेअरला शोधायला लावलास. काय म्हणालं ते?… दीड? अगं, वजन दीड किलो असतं. मशीन एक तरी असेल, नाहीतर दोन.

मग काय केलंस?… राउंड केलंस. दीडचे दोन. आणि अडकलं… अडकणारच. हे सुचवलं कोणी?… कोणी?

अस्सं. आमच्या व्याह्यांनी.

नाही गं, राग कसला. तेही आजोबाच तुझे. जन्मभर पूल बांधले त्यांनी, सगळं येत असेल त्यांना. संभाव्यता शिकवता शिकवता केस पिकले ते माझे… टोमणा नाही. सकाळी फोन केला होतास त्यांना?… आणि कालही?… व्हिडिओवर. छान.

बरं, ऐक ना. तुझं सॉफ्टवेअर गोटीसारखं आहे. उतार असला की घरंगळत बरोबर जागी जातं. राउंड केलंस की उताराच्या पायऱ्या होतात. सपाट पायरीवर गोटी जाणार कुठे?… हं. म्हणून मशीनचा नंबर त्याला विचारायचाच नाही. समीकरणातून काढून टाक. कुठलं मशीन साधारण किती भरतं, तेवढंच त्याला शोधू दे… अगं, ऐक तर. एकेक डबा घे. तो पहिल्या मशीनचा असण्याची शक्यता, गुणिले त्या मशीनमधून एवढं वजन येण्याची शक्यता. दुसऱ्याचंही तसंच. मग दोन्हींची बेरीज… हो, बेरीजच. दोन्ही धरायची, एकालाच निवडायचं नाही.

हसतेस काय?… मी डब्यांबद्दल बोलतेय.

नंबर नंतर कळतो. त्या बेरजेत पहिल्याचा वाटा किती, ते बघायचं. झालं… कर, आत्ताच कर. आहे मी फोनवर… लिहिलंस?… चाललं? सरकतंय? बघ. आता साहेबांसमोर बिनधास्त जा. आणि कोणी विचारलं, हे कोणी सांगितलं, तर…

काय? आधी आजोबांना कळवतेस? अगं, एवढी काय घाई… रात्रभर जागून डोकं लढवत होते, म्हणून? मीही जागले असते. विचारायचंस तरी.

…बरं, बरं. सांग त्यांना. पण बेरीज आजीने सांगितली, एवढं मात्र… हॅलो?… चिमणे?