एक्केचाळीस जोडलेले हात

बसा मंडळी. आज मी फोन बंद करायला सांगणार नाही. उघडेच ठेवा, शेवटी लागणार आहेत. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. माणूस दारात येऊन म्हणाला, "मी बुडतोय," आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, "राम कृष्ण हरी" — तर ही भक्ती झाली, की हरामखोरी?

हसू नका. ऐका.

गोष्ट आपल्याच भजनी मंडळाची. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप, माणसं त्रेचाळीस. रिवाज ठाऊक आहे ना? एकानं "राम कृष्ण हरी" लिहिलं, की बाकीच्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र टाकायचं. दात घासताना टाकायचं, धार काढताना टाकायचं. एक महाशय तर — जाऊ द्या, देवळात आहोत.

त्या ग्रुपात आपले रंगनाथ आप्पा, पखवाजवाले. बायको जाऊन आठ महिने झालेले, तेव्हापासून पखवाजाला खोळ. विचारलं की म्हणायचे, "गुडघा दुखतो." अहो, पखवाज काय गुडघ्यानं वाजवतात? पण आपण पुढे विचारलं नाही. गुडघा म्हटलं की आपण तेल सुचवतो. मन म्हटलं की सोयरीक मोडतो. म्हणून माणसं गुडघा सांगतात!

एका मंगळवारी सकाळी दहा वाजता आप्पांनी ग्रुपवर लिहिलं — "राम कृष्ण हरी मंडळी. आठ महिने नीट झोप नाही. जेवण जात नाही. जगावंसं वाटत नाही. कुणाशी बोलावं कळत नाही. रंगनाथ."

आता फोन आपल्याला काय दाखवतो? वरची ओळ. वरच्या ओळीत काय? राम कृष्ण हरी. झालं! धडाधड हात. एक्केचाळीस. सदाअण्णांनी तर सोबत गुलाब टाकला. जित्या माणसाला फूल वाहिलं, आणि अण्णा गेले उसाला पाणी द्यायला.

राहिल्या गोदाताई, आपल्या पेटीवाल्या. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांचा फोन आलेलं सगळं मोठ्यानं वाचतो, चित्र आलं तर चित्राचं नावही घेतो. ताई दळण घेऊन गिरणीत बसलेल्या. फोननं आप्पांचं पत्र वाचलं, कचेरीत पुकारा करावा तशा कोरड्या आवाजात. आणि मग सुरू — "जोडलेले हात. जोडलेले हात. जोडलेले हात. गुलाब. जोडलेले हात..."

बायका पदर तोंडात धरून हसायला लागल्या. "ताई, तुमच्या फोनला उचकी लागली."

"गप बसा गं," ताई म्हणाल्या. "त्याआधी काय वाचलं, ऐकलं का?"

गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. ताईंनी दळण तिथंच टाकलं, काठी उचलली आणि आप्पांचं दार गाठलं.

"कोण?"

"मी गोदा. चहा टाका."

"पत्ती नाही."

"मग पाणी द्या. आप्पा, लिहिलंत ते खरं का?"

"सगळ्यांनी वाचलं की, ताई. सगळ्यांनी हात जोडले. म्हटलं, गावानं निरोप दिला."

निरोप! ऐकताय ना, मंडळी?

"कसला निरोप? मेल्यांनी वाचलंच नाही. मला दिसत नाही, म्हणून मी एकटीनं वाचलं. आता सरळ सांगा, जिवाचं काही करायचं मनात आलं का?"

आप्पांनी पाण्याचा तांब्या ताईंच्या हाती दिला. मग म्हणाले, "काल आलं होतं."

ताई घाबरल्या नाहीत, उपदेशही केला नाही. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी दिलेला सरकारी समुपदेशनाचा नंबर लावला. तिकडून डॉक्टरबाई म्हणाल्या, व्हिडिओ लावा, काका समोर दिसू द्या. आता फोन धरणार कोण? गोदाताई!

"काका, मला पंखा दिसतोय."

ताईंनी फोन फिरवला.

"आता पिठाचा डबा दिसतोय."

पुन्हा फिरवला.

"आता कुणाचं तरी नाक."

"ते माझं," ताई म्हणाल्या.

आणि आप्पा हसले. आठ महिन्यांनी. हसता हसता रडायला लागले. म्हणाले, "राहू द्या पंख्याकडे. तोंड दिसत नसलं की बोलता येतं." अर्धा तास बोलले. आप्पांची मुलगी सासरहून येईपर्यंत ताई जागच्या उठल्या नाहीत. गुरुवारी तिघं तालुक्याला गेले, गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला डॉक्टरबाईंचा फोन येतो. नाम घ्या म्हणून सांगणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. नाम घ्याच. पण गोळीही घ्या. नामाला गोळीचा राग येत नाही, राग येतो तो आम्हा बुवांना.

मग ताईंनी ग्रुपवर फर्मान काढलं — हात बंद. ज्याला जे म्हणायचं, ते स्वतःच्या आवाजात म्हणा. पहिल्या दिवशी सदाअण्णांचा आवाज आला. निम्मा वेळ नुसता श्वास. मग, "माझंही बरं नाही चाललेलं." त्याखाली एकानंही हात जोडले नाहीत. सहा जण उसात जाऊन बसले त्यांच्याजवळ.

आता हिशेब लावा. माणसं त्रेचाळीस. आप्पा आणि ताई सोडून उरले एक्केचाळीस. ग्रुपात हा बुवाही आहे. त्या हातांत एक जोडी माझी होती. दाढी करत होतो.

मागे पखवाजावर कोण बसलंय, बघताय ना? त्यांनी हात थांबवलाय. मीच सांगितलं होतं. काढा फोन. मागे मागे जा. ज्याला न वाचता हात जोडलेत, त्याचं पत्र शोधा, पूर्ण वाचा, आणि बाहेर जाऊन त्याला फोन लावा. तुम्ही परत आल्याशिवाय आप्पा थाप मारणार नाहीत, आणि मी तोंड उघडणार नाही.

उठा.