परबमावशींच्या मशीनची सुट्टी

अरे, यंदा मरोळला आमच्या न्यूरोमॉड्युलेशनवाल्या, म्हणजे नसांना करंट देऊन दुखणं कमी करणाऱ्या, डॉक्टरांच्या वार्षिक परिषदेत माझी काय वाट लागली, ऐक. परबमावशी माझ्या पेशंट, घाटकोपरच्या. त्यांच्या पाठीत मशीन बसवलंय, ते बारीक करंट सोडून दुखणं दाबतं. मी ऐटीत त्यांचा तीन वर्षांचा आलेख दाखवला, तर एका सीनियरांनी लगेच पकडलं, "दरवर्षी एक दिवस मशीन बंद दिसतंय. का?"

मी आलेख मोठा करून पाहिला. कोणी म्हणे बॅटरी, कोणी म्हणे वायर हलली. मावशींनाही मी परिषदेला बोलावलं होतं; तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्या उठल्या.

"तो खंडेनवमीचा दिवस ना! आमचे हे गिरणीत होते तेव्हापासूनची रीत आहे. मशीनची पूजा करायची आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. हे तर पाठीत, म्हणून मी दरवर्षी त्याच्या रिमोटला हळदकुंकू वाहिलं आणि मशीन बंद करून ठेवलं."

"अहो, पण मग दुखलं नाही?" मी विचारलं.

"दुखलं तर! दिवसभर कण्हत होते."

"मग चालू नाही का करायचं?"

मावशी माझ्यावरच डाफरल्या, "डॉक्टर, ते बिचारं वर्षभर माझ्यासाठी राबतं. एक दिवस मी सोसलं तर काय बिघडलं?"