मालूचा नकाशा

बायको गेल्यापासून हिराजीला कोलशेतला घरी परतायची घाई नसायची. ठाणे स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत त्याच्यापुढे कॉलेजातली दोन पोरं बोलत होती.

"आपल्या फाशांच्या खेळासाठी नकाशे काढायचं नवंच सॉफ्टवेअर घेऊ, दौलत. कॉम्प्युटर टेबलावर ठेवायचा, बाजूला फासे टाकायचे. खेळात आपण जाऊ तेवढाच मुलूख दिसतो, बाकी काळोख."

"जुन्यातही तसंच होतं की रे, रतन. आणि मालूने आपल्याला खेळवायला अख्खं राज्य काढलंय त्यात. ते नव्यात उघडेल का?"

"जुनं मी काल पुसलं. मशीनवर जागाच नव्हती."

"मालूचा नकाशा?"

"त्याची फ्लॉपी तुझ्याकडे आहे ना?"

"माझ्याकडे कुठून येणार? ती तुझ्याच घरी बसून काढायची."

"मला वाटलं, जायच्या आधी तिने तुला दिली असेल."

"अरे, सकाळी ताप आला नि रात्री गेली ती. कुणाला काय देणार?"

रांग सरकली. पोरं जागची हलली नाहीत.

"आठवून परत काढू ना. आधी किल्ला, मग घाट, मग तळं."

"आणि तळ्यापलीकडे?"

"तिथे आपण पोचलोच नव्हतो."

"मग ते एकट्या मालूला ठाऊक होतं."

रिक्षा आली. रतनने मागे वळून हिराजीला म्हटलं, "काका, तुम्ही बसा."

बायकोबरोबरही असंच काय काय गेलं असेल, या विचारात हिराजी तिथेच उभा राहिला.