बापाच्या घरचं दुखणं

मी आसेगावची. म्हंजे जन्म आसेगावचा, लगीन करून देल्ली केनवडले. माहा बाप लोकाच्या वावरात सालदार होता, आंगानं धिप्पाड, भरलं पोतं एकटा गाडीवर टाके. मोठा दादा, मंग मी, मंग लहाना सुदाम, एवढीच आमी लेकरं. शाळा पाह्यली नाही, निंदन अन् कापसाची वेचनी करतच मोठी झाली, अन् अजूनबी तेच करून राह्यली.

आता तुमी माह्या दुखण्याचं इचारलं तं ते माह्यापासून सुरू होत नाही ना भाऊ, ते आज्यापासून हाये. आज्याच्या दोन्ही कुशीत दुखे, लघवी लाल होये, मंग तोंड सुजे, पाय सुजत, अन् शेवटी शेवटी पोटात पानीबी ठरे नाही. बापालेबी तेच झालं. तवा आमी बुद्धाची दीक्षा घेतलेली, देव्हाऱ्यातले देव बापानं टोपल्यात घालून नदीत सोडलेले, तं गावातलं एकएक माणूस येऊन सांगे का पाहा, देव सोडले म्हनून हे झालं. बाप खाटीवर पडल्या पडल्या चिडे. म्हने, अरे माहा बाप मेला तवा तं घरात देव होते ना, मंग त्याले काहून नाही वाचवलं? तरी दुसऱ्या दिवशी दुसरा येऊन तेच बोले. मंग कोनी म्हने इहिरीचं पानी खराब हाये. झालं, दादानं इहीर बदलवली. पार गावाबाहेरच्या इहिरीवरून माह्या वयनीनं डोक्यावर पानी वाह्यलं, तिची मान कामातून गेली, अन् बाप मराचा तो मेलाच.

त्या मोठ्या दुष्काळात आमी रस्त्याच्या कामावर खडी फोडाले जावो. तवापासून माहं डोकं दुखे. असं दुखे का डोळ्यापुढं काजवे चमकत. नवरा म्हने उन्हाचं हाये, सासू म्हने उपाशीपोटी हाये, मीबी म्हनो असन बा. हिवाळा आला तरी दुखे, तवा कुठचं ऊन? पन बाईचं डोकं दुखलं तं कोन पाहाते, तुमीच सांगा.

मंग दादा पडला. तेच, कुशीत दुखनं, लाल लघवी. सुदामनं त्याले अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथच्या डाक्टरनं पोट चाचपलं, सुई देऊन फोटो काढला, अन् सांगलं का दोन्ही किडन्याइत पान्याचे फोड झाले, ते वाढत जातेत, हे रक्तातून येते, बापाकडून नाही तं मायकडून लेकराले. दर लेकराले येईनच असं नाही, पन येऊ शकते. बिपी वाढते याच्यानं, ते आवरलं तं माणूस पुष्कळ दिवस निभते. तुमच्या घरातले सगळे घेऊन या, पाहून घेतो.

आता काय सांगू तुमाले. दादानं घरातले सगळे नेले. सुदामले नेलं, आपल्या पोट्ट्याइले नेलं, वयनीले नेलं, सुदामच्या बायकोलेबी नेलं! दोघी परक्या घरून आलेल्या, त्याइच्या रक्ताचा काय संबंध? डाक्टरनं त्याइच्याही दंडाले बिपीचा पट्टा बांधला, अन् मंग त्याच्या ध्यानात आलं तं त्यानं कपाळाले हात लावला. म्हने, अरे ह्या तुमच्या बायका, तुमाले बहीन नाही काय? दादा म्हने, हाये ना साहेब, पन तिचं लगीन झालं. डाक्टर म्हने, लगीन झाल्यानं रक्त बदलते काय?

हे मले वयनीनं हासत हासत सांगलं, मी राखीले गेली होती तवा. ती हासे अन् माह्या आंगाचा भडका होये. माहा बाप तो, माहाच आजा, अन् घरातल्या माणसात मीच नाही! दादा म्हने, अंजना, आमाले वाटलं तू तिकडची झाली. म्हनलं, तिकडची झाली तं राखी काहून बांधून घेतं?

गेली मी अकोल्याले. नवऱ्याले म्हनलं, चालतं का एकटी जाऊ? आला बिचारा. डाक्टरनं पट्टा बांधला, कुशीत दाबलं, फोटो काढला. निघालं तेच. एवढे वर्सं उन्हाच्या नावानं बोटं मोडली मी. गोळ्या देल्ल्या, मीठ कमी कर म्हने. अन् इचारलं, लेकरं किती? म्हनलं, एकच जगलं, पोरगी हाये, शीला, लगीन झालं. म्हने, तिलेबी आना.

शीलाले तवा दिवस गेलेले, सातवा लागला होता. पाय सुजलेले, डोकं दुखे. तिच्या सासरी सगळं सांगतो म्हनून मी दादापाशी बोलली तं त्यानं हातच जोडले. म्हने, बोंबलू नोको, माह्या पोरी उजवाच्या हायेत, कोन करीन त्याइले? तो सोता सुजून खाटीवर पडलेला, धड श्वास घेता येत नाही, अन् पोरीचं लगीन लगीन. रागबी आला अन् रडूबी आलं. म्हनलं, दादा, लपवून त्या बऱ्या होतीन काय?

शीलाचं सासर मानोऱ्याकडे. मी निघाली अन् नेमकी पोहरादेवीची यात्रा, येष्टीत पाय ठेवाले जागा नाही, उभ्यानंच गेली. इहीनले, शीलाच्या सासूले, सगळं सांगलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर नाही केली. म्हने, दिवसात पाय सुजतेतच. अन् शीला आता आमची हाये, आमच्या घरात हे दुखणं कोनाले नाही. घ्या! दादाचं बोलनं कमी होतं तं आता हिचं. मी वट्ट्यावर बसली, म्हनलं, पोरीले घेतल्याबिगर मी हलत नाही. गल्लीतल्या बाया जमल्या. जवाई वावरातून आला, गरीब पोरगा, मायच्या तोंडाकडं पाहे, माह्या तोंडाकडं पाहे. शेवटी येष्टीपावतर सोडाले बैल जुपले त्यानं.

अकोल्याच्या दवाखान्यात पट्टा बांधला तं नर्सचं तोंडच उतरलं. डाक्टर म्हने, आठ दिवस उशीर झाला असता तं दोन्ही जीव गेले असते. हिलेबी तेच हाये म्हने, अन् ठेवून घेतलं तिले. मी खाटीखाली पटकूर टाकून राह्यली. एक दिवस गोळी हातात धरून शीला मले म्हनते, माय, तुले हे पह्यले मालूम असतं तं तू मले होऊ देल्ली असती काय?

भाऊ, मी तिच्यावर खेकसली. म्हनलं, होऊ देल्ली असती, शंभर खेपा होऊ देल्ली असती, तू गोळी घे पह्यले. अन् बाहेर नळापाशी जाऊन रडली.

पोरगी झाली तिले. दोघी बऱ्या हायेत. दादानं नात पाह्यली नाही, त्याच्या आधीच तो गेला. सुदामले काही निघालं नाही, तो सुटला. मी अळणी भाजी खातो, रोज सगळ्याइवर चिडतो, डाक्टर म्हनते चिडू नोको, बिपी वाढते. न चिडून कसं होईन?

परवा बारश्याले इहीन पाळण्यात वाकून पाहे अन् मोठ्या कौतुकानं बायाइले सांगे, पाहा वं, नाक कसं डिट्टो शीलाच्या मोठ्या मामाचं! म्हंजे नाक येते आमच्या घरून, ते चालते.  मी पोट्टीले उचललं, अन् तिच्या कानात सांगलं, नाक घे माय, माह्या दादाचं नाक खुशाल घे, बाकीचं तिकडंच राहू दे.