गण्याला वस्तादांनी सोडवलं

परवा आमच्या गण्याला पोलिसानं अडवलं की! मी मागंच बसलोतो. नंबरप्लेटीवर तालमीचं नाव हे एवढं मोठं, अन् नंबर खाली मुंगीएवढा.

हवालदार वाकून बघत म्हणाला, "ह्यो नंबर हाय व्हय?"

"हाय की सायेब. जरा जवळनं बघा."

"गाडी घे बाजूला!"

गण्यानं थेट तालमीच्या वस्तादांना फोन लावला. हवालदारबी त्यांच्याच हाताखाली कुस्ती शिकलेला, त्यामुळं गण्या निवांत.

वस्ताद बुलेटवरनं आले. हवालदार त्यांच्या पाया पडला, अन् सहज मागं जाऊन बुलेटची प्लेट बघून आला. तिच्यावर नुसतं तालमीचं नाव, नंबरच न्हाय!

हवालदार गण्याला म्हणाला, "तू जा रं. तुझ्या गाडीवर निदान नंबर तरी हाय. वस्ताद, तुम्ही थांबा."