छत्रीच्या कापडाची बॅग

आमच्या ह्यांना कंपनीतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण माल पास-नापास करायची सवय काय सुटत नाय. लेकीकडे विमानानं जायचं होतं, सामान सात किलोच्या आत हवं. म्हणून मी जुन्या छत्र्यांच्या कापडाची हलकी बॅग शिवायला घेतली. अशी बॅग उलटी शिवतात आणि मग उघड्या चेनमधून सुलटी करतात.

हे खुर्ची ओढून मशीनजवळच बसले.

"चेन उघडी कशाला ठेवलीस गो? बंद कर. शिवण वाकडी जाते."

"अहो, राहू दे उघडी."

"रोह्याला तीस वर्षं तपासणीच केली ना मी?"

केली बंद. चारी बाजू शिवून झाल्या तेव्हा बॅग उलटीच, आणि चेन ओढायचा रनर आतल्या बाजूला अडकलेला. सकाळी तर निघायचं.

मी बॅग ह्यांच्या मांडीवर ठेवली. ह्यांनी चष्मा लावला, चारी शिवणी ओढून बघितल्या.

"शिवण एक नंबर. चोराला उघडायची नाय."

"आणि आपल्याला?"

बॅग माझ्या हातात देत हे म्हणाले, "उघडतच नाय, तर सात किलोच्या वर जाईल कशी? पास."